लहान मुलाच्या हातात फोन दिल्यावर पुढचा व्हिडिओ कोण निवडतं?

दिवाळीच्या सुट्टीत ताई घरी आली होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, साडेतीन वर्षांचा. जेवायला बसला की एकच घोषणा: "मामा, जेसीबी लाव." मी माझ्या फोनवर जेसीबीचा व्हिडिओ लावला, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि आत वाढायला गेलो. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आलो तर हा एकदम गप्प. तोंडातला घास तसाच. स्क्रीनवर एक कार्टून बाहुली होती, पण डोळे काळे आणि मागे कुणीतरी किंचाळत होतं.

त्या रात्री तो दिवा बंद करू देईना. ताई म्हणाली, "काय दाखवलंस रे त्याला?" मी म्हणालो, "अगं, मी जेसीबीच लावला होता." आम्ही दोघंही खरं बोलत होतो. मी लावलेला व्हिडिओ फक्त पहिला होता. त्यानंतरचे आपोआप लागत गेले. आणि त्याआधीचे दोन महिने रोज रात्री झोपताना भुताच्या गोष्टी ऐकत होतो तो मीच. फोन माझा, खातं माझं, आवडही माझीच.

तुमच्याही घरात भाचा, पुतणी किंवा धाकटा भाऊ असेल आणि त्याच्या हातात अधूनमधून तुमचाच फोन जात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आई-वडिलांसाठी असे लेख भरपूर सापडतात. पण पाहुणे आल्यावर फोन द्यायची वेळ बहुतेक वेळा मामा, मावशी, काका, आत्या यांच्यावरच येते. ॲप कुठलंही असो, शिफारशींचं गणित थोड्याफार फरकाने सारखंच असतं. पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये यूट्यूब आधीपासूनच असतं, म्हणून इथे सेटिंग्ज त्याच्याच सांगतो.

शिफारस ठरते कशी?

आधी थोडं मागे जाऊ. २०१२ पर्यंत यूट्यूब एखादा व्हिडिओ पुढे दाखवायचा की नाही हे मुख्यतः क्लिकवरून ठरवायचं. त्या वर्षी त्यांनी भर दिला तो लोक किती वेळ पाहत राहतात यावर. २०१६ मध्ये गुगलच्या इंजिनिअरांनी या यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात दोन टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात लाखो व्हिडिओंच्या ढिगातून काही शे व्हिडिओ उचलायचे, तुम्ही आधी काय पाहिलंय त्यावरून. दुसऱ्यात त्यांना क्रम लावायचा, आणि तो लावताना अंदाज बांधायचा की हा माणूस कुठल्या व्हिडिओवर जास्त वेळ थांबेल. पुढे २०१८ मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं होतं की यूट्यूबवर पाहिला जाणारा ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारस केलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे आपण शोधून पाहतो ते थोडंच, बाकीचं समोर येतं म्हणून पाहतो.

आज ही यंत्रणा बरीच पुढे गेली आहे. लाइक, डिसलाइक, शेअर, 'नको' म्हणून दाबलेलं बटण, मध्येमध्ये विचारले जाणारे प्रश्न, सगळं ती लक्षात घेते. पण हे सगळे इशारे मोठा माणूस देतो. साडेतीन वर्षांचं मूल काय इशारे देतं? ते डिसलाइक दाबत नाही. शीर्षक वाचत नाही. जे चित्र जास्त भडक, त्यावर बोट ठेवतं. एकच व्हिडिओ सलग आठ वेळा पाहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घाबरलं तरी फोन बाजूला ठेवत नाही, खिळून बसतं. यंत्राला भीती दिसत नाही. त्याला फक्त दिसतं की व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. म्हणजे आवडला!

'बेबी शार्क' हे गाणं नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबवर सर्वाधिक वेळा पाहिलेला व्हिडिओ ठरलं. घरात लहान मूल असेल तर त्यात नवल वाटणार नाही. ते गाणं दिवसाला किती वेळा लागतं ते शेजाऱ्यांनाही माहीत असतं.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे, पण पटकन लक्षात येत नाही. शिफारस मुलासाठी नसतेच, ती खात्यासाठी असते. तुमच्या गुगल खात्यावर जन्मसाल २००३ असेल तर यंत्राच्या दृष्टीने जेसीबी पाहणारा माणूसही विशी ओलांडलेलाच. त्यामुळे जेसीबीनंतर काय दाखवायचं हे ठरवताना तुमची सगळी जुनी आवड त्यात मिसळते. उलटंही होतं. भाचा परत गेल्यावर दोन आठवडे माझ्या होम स्क्रीनवर क्रिकेटच्या जागी ट्रॅक्टर आणि डंपर होते.

कायद्याचंही तसंच आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. चांगली गोष्ट. पण मूल तुमच्या खात्याआड बसलेलं असेल तर समोरच्या कंपनीच्या लेखी तिथे मूल नाहीच.

दोन गैरसमज आधी काढून टाकू

पहिला, 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू केला की झालं. हा मोड उपयोगी आहे, पण तो मुलांसाठी निवडलेले व्हिडिओ दाखवत नाही. तो मोठ्यांच्या यूट्यूबमधून उघडउघड प्रौढ वाटणारे व्हिडिओ गाळायचा प्रयत्न करतो. चिमुकल्याला घाबरवणारं किंवा नुसतं निरर्थक असं बरंच काही त्यातून सहज पार होतं. शिवाय हे सेटिंग त्या फोनपुरतं किंवा त्या ब्राउझरपुरतं असतं. तुमच्या फोनवर चालू केलं म्हणून आजीच्या फोनवर किंवा टीव्हीवर आपोआप होत नाही.

दुसरा, 'इनकॉग्निटो' मध्ये लावून दिलं की सुरक्षित. इनकॉग्निटो वाचवतं ते तुमच्या हिस्ट्रीला. भाच्याचे ट्रॅक्टर तुमच्या फीडमध्ये घुसत नाहीत, हे खरं. तुमची भुतंही त्याच्याकडे जात नाहीत. पण समोर उघडं असतं ते मोठ्यांचंच यूट्यूब. पाच मिनिटांसाठी, तुम्ही शेजारी बसलेले असाल तर चालेल. फोन देऊन स्वयंपाकघरात जायचं असेल तर नाही.

तुमच्याच खात्यावरून दाखवायचं असेल तर

कधीतरी इलाज नसतो. तेव्हा निदान एवढं करा. प्लेअरच्या वरच्या बाजूला ऑटोप्लेचा छोटा स्विच असतो, तो बंद करा. व्हिडिओ संपला की तिथेच थांबेल. खाली शिफारशींची यादी दिसत राहतेच, पण मुलाला निदान स्वतः बोट लावावं लागेल आणि तेवढ्यात तुमचं लक्ष जाईल.

मूल गेल्यावर हिस्ट्रीत जा. खाली उजव्या कोपऱ्यात तुमच्या फोटोवर टॅप केलं की 'हिस्ट्री' दिसते. नको त्या व्हिडिओसमोरचे तीन ठिपके दाबून तो काढून टाका. हे काम दोन्ही बाजूंनी करायचं. त्याने पाहिलेले ट्रॅक्टर काढा, आणि त्याच्या हातात फोन पुन्हा जायच्या आधी तुमचे भुताटकीचे, अपघाताचे, हाणामारीचे व्हिडिओही काढा. होम स्क्रीनवर काही विचित्र दिसलं तर तीन ठिपके आणि 'नॉट इंटरेस्टेड'. पूर्ण चॅनेलच नको असेल तर त्याच्याखालचं 'डोन्ट रेकमेंड चॅनेल'. पहिल्याने एक पान फाटतं, दुसऱ्याने वही बंद होते. मी हल्ली थेट दुसरंच दाबतो.

वॉच हिस्ट्री पूर्ण बंदही करता येते. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने असं केलं आहे की हिस्ट्री बंद असेल आणि मागचंही फारसं काही शिल्लक नसेल, तर होम स्क्रीन जवळपास रिकामी दिसते, शिफारशी येतच नाहीत. घरात एखादा जुना फोन फक्त मुलांसाठी पडून असेल तर त्यावर ही युक्ती करून बघा. रिकामी स्क्रीन पाहून मूल थोडं रुसेल. रुसू द्या.

खरा उपाय: यूट्यूब किड्स, पण नीट लावलेलं

यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे. भारतात ते नोव्हेंबर २०१६ मध्ये आलं. अनेकांनी ते टाकलेलं असतं, पण सुरुवातीला जे पर्याय आले ते 'नेक्स्ट, नेक्स्ट' करून. तिथेच घोटाळा होतो.

ॲप उघडल्यावर आई किंवा बाबांच्या गुगल खात्याने साइन-इन करून मुलाचं प्रोफाइल बनवायचं. मग वयोगट विचारतात: चार वर्षांपर्यंत 'प्रीस्कूल', पाच ते आठ 'यंगर', नऊ ते बारा 'ओल्डर'. या तिन्हींत व्हिडिओ निवडायचं काम मुख्यतः यंत्र करतं, माणसांची देखरेख थोडी असते. चौथा पर्याय खाली असतो आणि लोक तो सोडून देतात: 'अप्रूव्ह कंटेंट युअरसेल्फ'. तुम्ही हिरवा कंदील दाखवलेले व्हिडिओ, चॅनेल किंवा संग्रह, तेवढंच मुलाला दिसणार. शोधही बंद.

माझं मत सरळ सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलासाठी चौथाच पर्याय निवडा. कारण ऐका. २०१७ मध्ये जगभर एक प्रकरण गाजलं, त्याला 'एल्सागेट' असं नाव पडलं. ओळखीच्या कार्टून पात्रांना घेऊन लोकांनी हजारो व्हिडिओ बनवले होते. वरून गोड, आत मारामारी, इंजेक्शनं, रक्त, घाणेरडे प्रकार. त्यातले काही यूट्यूब किड्सच्या चाळणीतूनही आत आले होते. त्यानंतर कंपनीने बरेच व्हिडिओ आणि चॅनेल काढून टाकले, नियम कडक केले, आणि २०१८ मध्ये पालकांनी स्वतः व्हिडिओ निवडायची ही सोय आणली. चाळणी आज नक्कीच बारीक आहे. पण चाळणी ती चाळणीच. शिवाय आता कमी खर्चात ढीगभर कार्टून बनवणारी साधनं कुणाच्याही हातात आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढे व्हिडिओ निवडत बसायला वेळ कुणाला आहे? पण लहान मुलाला पन्नास चॅनेल लागत नाहीत. त्याला तेच ते पाहायला आवडतं. मी आणि ताईने एका रविवारी दुपारी बसून चहा होईपर्यंत तीसेक व्हिडिओ टाकले. आणखी एक फायदा मराठी घरांना विशेष आहे. वयोगटावर सोडलं तर ताईच्या फोनवर पहिल्या दोन-तीन स्क्रीन इंग्रजी आणि हिंदीच भरलेल्या होत्या. स्वतः निवडायला घेतलं तेव्हा मराठी बडबडगीतं, प्राण्यांच्या गोष्टी, कागदाच्या होड्या आणि पतंग बनवायचे व्हिडिओ सगळे जागेवर आले.

निवडताना एक काळजी घ्या. पूर्ण चॅनेल मंजूर केलं की त्यावर उद्या जे नवीन येईल तेही मुलाला दिसू शकतं. रोज दोन-दोन व्हिडिओ टाकणाऱ्या चॅनेलवर मी एवढा भरवसा ठेवत नाही, त्यातले व्हिडिओ सुटे निवडतो. आणि नुसतं थंबनेल पाहून मंजूर करू नका. सुरुवात, मधला भाग आणि शेवट, तिन्ही ठिकाणी सरकवून बघा. गडबड बहुधा मध्ये असते.

एक छोटी खूण मोठ्या यूट्यूबवर उपयोगी पडते. २०१९ मध्ये अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात गुगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्यानंतर जानेवारी २०२० पासून प्रत्येक निर्मात्याला आपला व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही ते सांगावं लागतं, आणि मुलांसाठीच्या व्हिडिओखाली कमेंट बंद असतात. त्यामुळे कार्टून दिसतंय, पण खाली धडाधड कमेंट चालू आहेत, म्हणजे तो व्हिडिओ मुलांसाठीचा म्हणून नोंदलेला नाही. असा व्हिडिओ दाखवण्याआधी स्वतः बघाच.

वयोगटाचाच पर्याय ठेवायचा असेल तर निदान शोध बंद करा. 'अलाउ सर्चिंग' बंद केलं की पाहण्याची कक्षा बरीच आखडते. कुठलाही व्हिडिओ खटकला तर तीन ठिपके दाबून तो किंवा अख्खं चॅनेल ब्लॉक करता येतं. त्याच सेटिंग्जमध्ये हिस्ट्री पुसण्याची आणि थांबवण्याचीही सोय आहे. मूल आठवडाभर एकाच प्रकारच्या व्हिडिओंत अडकलं असेल, सगळी स्क्रीन फक्त खेळणी उघडण्याच्या व्हिडिओंनी भरली असेल, तर हिस्ट्री पुसा. पाटी कोरी होते.

आणि हो, पासकोड. पालकांच्या सेटिंग्ज उघडताना ॲप एक गुणाकार विचारतं. लहानग्याला तो येणार नाही, पण चौथीतल्या दादाला पाढे पाठ असतात आणि मांडवली करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्यामुळे गुणाकाराऐवजी स्वतःचा चार अंकी पासकोड लावा. जन्मतारीख नको, ती घरात सगळ्यांना माहीत असते.

टायमरही तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन पाहणं दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तमच, आणि दोन वर्षांखाली तर टाळलेलंच बरं. टायमर संपल्यावर ॲप स्वतःच कुलूपबंद होतं. रडारड होते, पण राग मामावर न निघता फोनवर निघतो, हा मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की त्याला किड्स ॲप 'बाळांचं' वाटायला लागतं. तेव्हा फॅमिली लिंकमधून त्याचं स्वतःचं, पालकांच्या देखरेखीखालचं खातं बनवता येतं. मोठ्यांच्याच यूट्यूबवर 'एक्सप्लोर' वगैरे पायऱ्या ठरवून देता येतात. ते एका वेगळ्या लेखाचं काम आहे.

पळवाटा कुठे राहतात?

किड्स ॲप नीट लावलं आणि शेजारी साधं यूट्यूब तसंच ठेवलं, तर मूल दोन दिवसांत तिकडे पोहोचतं. लाल चौकोन त्याला ओळखता येतो. म्हणून फोन देताना ॲप 'पिन' करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'पिन' टाइप केलं की हा पर्याय सापडतो. पिन केल्यावर मुलाला त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही, आणि पिन काढताना लॉक विचारायचं सेटिंगही चालू ठेवा. आयफोनवर हेच काम 'गाइडेड ॲक्सेस' करतं. बोनस म्हणजे, तुमच्या बॉसला चुकून व्हिडिओ कॉल जात नाही.

टीव्ही ही दुसरी वाट. स्मार्ट टीव्हीवर कुणाचं खातं चालू आहे ते एकदा पाहाच. आमच्याकडे बाबांचं होतं. बाबा बातम्या आणि वादविवाद पाहतात, त्यामुळे जेसीबीच्या गाण्यानंतर थेट आरडाओरडा. टीव्हीवर मुलाचं प्रोफाइल वेगळं लावा. ते जमत नसेल तर ऑटोप्ले तरी बंद करा.

तिसरी वाट, आजीचा फोन. आजीला सेटिंग समजावून सांगण्यापेक्षा मी दुसरं केलं. वायफायवर असताना पाच-सहा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवले. (ज्या व्हिडिओखाली डाउनलोडचं बटण चालतं तेच.) नातू आला की आजी इंटरनेट बंद करते आणि डाउनलोडची यादी उघडून देते. नेट नाही, तर यंत्राची शिफारसही नाही. पाच व्हिडिओ संपले की संपले. एसटीच्या प्रवासातही हेच करतो, कारण घाटात रेंज नसतेच.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने होत नाही. मुलाने काही भीतीदायक पाहिलंच, तर फोन खसकन हिसकावून ओरडू नका. आम्ही तेच केलं होतं. पुढच्या वेळी त्याने काही विचित्र दिसल्यावर सांगायच्या ऐवजी फोन उशीखाली लपवला. दुसऱ्या दिवशी ताई त्याच्याशेजारी बसली आणि विचारलं, "काल काय होतं रे त्यात?" तेव्हा त्याने बाहुलीचे डोळे हाताने करून दाखवले. मग दोघांनी कागदावर ती बाहुली काढली आणि तिला चष्मा लावला.

सध्या ताईच्या फोनवर त्याच्या प्रोफाइलमध्ये ३४ व्हिडिओ आहेत, त्यातले नऊ जेसीबीचे. गेल्या आठवड्यात फोनवर नवीन मागणी आली: रोड रोलर. मी तीन व्हिडिओ बघितले. एकात मध्येच रोलरखाली खेळणी चिरडतात, तो बाद. उरलेले दोन रविवारी ताईकडे गेलो की टाकणार आहे.